बीडी म्हणजे विडी नव्हे

पुण्याहून सोलापूरला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये, दौंड मागे पडल्यावर, समोरच्या काकांनी विचारलं, "काय करता तुम्ही?" मी म्हणालो, "बीडी करतोय." काका सोलापूरचे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "स्वतःचा कारखाना, की ठेकेदारी?" त्यांच्या गल्लीत घरोघरी बायका विड्या वळतात, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझी बीडी म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, हे सांगितल्यावर त्यांनी पुढचा प्रश्न टाकला: "म्हणजे पाद्री व्हायला पण कॉलेज लागतं?" कुर्डुवाडी येईपर्यंत मी उत्तर देत होतो. त्याला आता बरीच वर्षं झाली, मी पाळक होऊनही बरीच वर्षं झाली, पण तो प्रश्न अजून येतोच. म्हणून ते उत्तर जरा नीट लिहून काढतोय.

या अभ्यासाला थिऑलॉजी म्हणतात. ग्रीक भाषेत थिऑस म्हणजे देव आणि लोगोस म्हणजे शब्द, बोलणं, विचार. मराठीत आपण ईश्वरविज्ञान म्हणतो, पण त्यातला 'विज्ञान' फसवा आहे. इथे देवावर प्रयोग होत नाहीत. माणसं देवाबद्दल जे बोलत आली, लिहीत आली, ज्यावरून भांडत आली, ते शिस्तीने तपासायचं असतं. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजायला अवघड नाही. कीर्तनकार एक अभंग घेतो आणि त्यातला एकेक शब्द उकलत तास-दोन तास निरूपण करतो. तो काही आभाळातून पडलेला नसतो. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथेही मुलं चार वर्षं राहून ज्ञानेश्वरी, गाथा शिकतात. आमची सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं कॉलेज, त्याच जातीची गोष्ट आहे, फक्त ग्रंथ वेगळा आणि परीक्षा जास्त.

श्रद्धा तिथे शिकवत नाहीत. ती घरून आणायची असते. आजीच्या मांडीवर, संडे स्कूलमध्ये, आजारपणात, कुठे मिळाली असेल तिथून. कॉलेज ती उसवतं. शिवण कुठे कच्ची आहे ते दाखवतं. परत शिवायचं काम बरंचसं तुमचं तुम्हालाच करावं लागतं, आणि काहींचं ते अर्धवट राहतं हेही खरं.

बोलावणं कोणाचं?

आमच्यात एक शब्द आहे: पाचारण. देवाने सेवेसाठी बोलावणं. मुलाखतीत हमखास विचारतात, "तुला पाचारण झालं हे तुला कशावरून कळलं?" स्वप्न पडलं, अपघातातून वाचलो, आईने नवस केला होता, अशी उत्तरं समितीने शेकड्याने ऐकलेली असतात. त्यामुळे ते मान हलवतात आणि पाचारणाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे वळतात. आतून आलेली हाक पुरेशी नाही, मंडळीनेही हाक मारावी लागते. मंडळी म्हणजे एका चर्चमधली सगळी माणसं. तुमच्या पाळकाचं पत्र, मंडळीची शिफारस, मग डायोसिसच्या, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालच्या प्रदेशाच्या, समितीपुढे मुलाखत, मग बिशपांची संमती. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, हे सहा वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेलं चर्च. महाराष्ट्रातल्या मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, मराठवाडा या डायोसिसमधली मुलं-मुली साधारण याच वाटेने जातात. मेथडिस्ट आणि इतर पंथांची वाट थोडी वेगळी, पण शिफारशीशिवाय कोणी घेत नाही.

स्वतःच्या पैशाने, कोणाच्याही शिफारशीशिवाय शिकणारेही असतात. ते पदवी घेतात. मात्र पदवी मिळाली म्हणून पाळक होता येत नाही. डॉक्टरकीची पदवी आणि प्रॅक्टिसचा परवाना यात जसा फरक आहे, तसंच काहीसं. दीक्षा चर्च देतं, कॉलेज नाही.

डेन्मार्कच्या राजाची सही

भारतातल्या पुष्कळ प्रोटेस्टंट सेमिनरींची बीडी देते कोण, याची कथा मजेशीर आहे. कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी श्रीरामपूर आहे, ज्याला इंग्रजीतून सेरामपूर म्हणतात. ते तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून विल्यम केरी आणि त्यांच्या सोबत्यांनी डॅनिश झेंड्याखाली आसरा घेतला. १८१८ साली केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी तिथे कॉलेज काढलं. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद देऊन त्याला पदव्या देण्याचा अधिकार दिला. पुढे १८४५ मध्ये डॅनिश लोकांनी गाव इंग्रजांना विकलं, तरी सनद टिकली. १९१८ साली बंगालच्या विधिमंडळाने कायदा करून तिला घडी घालून दिली. आज देशभरातली डझनावारी कॉलेजं सेरामपूरच्या सेनेटला संलग्न आहेत आणि पेपर तिथूनच येतात.

मराठी माणसाचं या गावाशी एक जुनं नातंही आहे. मुळात जोडे शिवणारा हा केरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवायचा. त्याचं मराठी व्याकरण १८०५ साली सेरामपूरला छापलं, आणि नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, १८११ साली, मोडीत. वैजनाथ शर्मा नावाचे पंडित त्याच्या हाताशी होते. म्हणजे नागरी-मोडीत छापलेल्या मराठीच्या सुरुवातीच्या पानांवर आणि माझ्या पदवीच्या कागदावर एकाच गावाचं नाव आहे. हे मला पदवीदानाच्या दिवशी कोणी सांगितलं नाही, नंतर वाचनात आलं.

आपल्याकडची मुलं जातात कुठे? पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, ती १९८३ पर्यंत यवतमाळला होती. जुनी माणसं अजून 'यवतमाळची सेमिनरी' म्हणतात. बंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० चं, कोलकात्याचं बिशप्स कॉलेज १८२० चं. बीडी पदवीधरांसाठी साधारण चार वर्षांची, बारावीनंतर येणाऱ्याला एक वर्ष जास्त. नोकरी सांभाळून घरून शिकायचं असेल तर बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज आहे. पाळक व्हायचं नाही, पण समजून घ्यायचं आहे, अशा शिक्षिका, नर्स, बँकवाले तो करतात आणि पुष्कळदा पाळकालाच अडचणीत टाकणारे प्रश्न विचारतात.

कॅथलिक वाट लांब आहे. सेमिनरी हा शब्दच त्यांच्याकडून आला. लॅटिनमध्ये सेमिनारियम म्हणजे रोपवाटिका. वसईच्या किंवा कोकणातल्या वाचकाला 'तरवा' म्हटलं की पुरे: आधी दाट पेरायचं, जपायचं, मग उपटून दुसरीकडे लावायचं. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने ठरवलं की प्रत्येक डायोसिसने असा तरवा टाकावा. गोव्यात राशोलची सेमिनरी १६१० पासून आहे. त्याच राशोलमध्ये १६१६ साली फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण छापलं गेलं, रोमन लिपीत. पुण्यात नगर रोडला पेपल सेमिनरी आहे. पोप लिओ तेरावे यांनी ती १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला काढली आणि १९५५ मध्ये ती पुण्याला आली. चर्चच्या कायद्याप्रमाणे भावी फादरला किमान दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं ईश्वरविज्ञान शिकावं लागतं. आधीची तयारी आणि मधली कामाची वर्षं धरली तर दहा वर्षं सहज जातात. तेवीस पूर्ण झाल्याशिवाय डिकन, म्हणजे फादरच्या आधीची पायरी, नाही, पंचवीस पूर्ण झाल्याशिवाय फादर नाही, आणि लग्न तर नाहीच. आमच्या बीडीच्या वर्गात मात्र दोघा-तिघांची लग्नं झालेली होती. हॉस्टेलच्या मागच्या क्वार्टरमधून फोडणीचा वास यायचा आणि आम्ही मेसमध्ये पातळ डाळ ढवळत बसायचो.

चार हिब्रू शब्द

विषयांची यादी देत बसत नाही. जुना करार, नवा करार, ख्रिस्ती सिद्धांत, चर्चचा इतिहास, नीतिशास्त्र, इतर धर्म, समाजाचं विश्लेषण, उपदेश, समुपदेशन अशी ती लांबते. त्याऐवजी एकच उतारा कसा शिकवतात ते दाखवतो.

बायबलमधलं स्तोत्र तेविसावं. मराठी ख्रिस्ती माणूस जन्माला येतो तेव्हापासून ते ऐकतो, आणि त्याला पुरतात तेव्हाही तेच वाचतात. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही.' मराठीत नऊ शब्द. हिब्रूत चार: अडोनाय रोई, लो एख्सार. पहिला शब्द लिहिताना देवाचं नाव लिहितात, पण यहुदी ते उच्चारत नाहीत, त्याऐवजी 'प्रभू' वाचतात. ते कसं, का, यावर एक तास गेला. मग मेंढपाळ. आपल्याला धनगर आठवतो, खांद्यावर घोंगडी. पण सरांनी सांगितलं की त्या काळात राजे स्वतःला मेंढपाळ म्हणवायचे, बाबिलोनच्या हम्मुराबीने आपल्या कायद्याच्या प्रस्तावनेत स्वतःला तेच म्हटलंय. मग 'परमेश्वर माझा मेंढपाळ' म्हणणाऱ्याने राजाकडे न पाहता हे म्हटलं, की राजाकडे पाहून? वर्ग गप्प. इतकी वर्षं ते आम्ही अंगाईसारखं म्हणत होतो.

चौथ्या ओळीत 'मृत्युच्छायेच्या दरी' आहे. हिब्रू शब्द त्सलमावेत. जुन्या हिब्रू लिखाणात फक्त व्यंजनं असायची, स्वर पुष्कळ शतकांनी अभ्यासकांनी टिंबं-रेघा देऊन घातले. त्या स्वरांप्रमाणे वाचलं तर 'त्सल' म्हणजे सावली आणि 'मावेत' म्हणजे मृत्यू. वेगळे स्वर लावले तर तो 'गडद अंधार' असा एकच शब्द होतो, आणि पुष्कळ अभ्यासकांना तेच बरोबर वाटतं. मग ही दरी फक्त मरणाऱ्याची राहत नाही. नोकरी गेलेल्याची, पोर पळून गेलेल्याची, कोणाचीही होते. याच ओळीत आणखी एक गंमत आहे, तिला हिब्रू लागत नाही, नुसते डोळे लागतात. तोवर कवी 'तो मला नेतो, तो मला चालवतो' असं देवा*बद्दल* बोलतोय. अंधार आला आणि एकदम 'तू माझ्याबरोबर आहेस'. शेकडो वेळा म्हटलेलं स्तोत्र, पण हे मला कधी दिसलं नव्हतं.

आणि शेवटची ओळ. मराठीत 'कल्याण व दया ही लाभतील' असं आहे. मूळ क्रियापद आहे रादफ, म्हणजे पाठलाग करणं. बायबलच्या निर्गम या पुस्तकात मिसरच्या फारोचं सैन्य इस्राएलांच्या पाठीला लागतं तिथे हेच क्रियापद आहे. म्हणजे दया माझ्या मागे लागेल, पळालो तरी गाठेल. 'लाभतील' चुकीचं नाही, पण त्यात धाप लागलेली नाही. असे प्रश्न पडून पंडिता रमाबाईंनी केडगावला उतारवयात हिब्रू आणि ग्रीक हाताळलं आणि आख्खं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं. त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी त्याचे छपाईचे खिळे जुळवले. बायकांना दीक्षा द्यावी की नाही यावर पुढे कितीतरी वर्षं चर्चांमध्ये वाद चालला. रमाबाईंनी तोवर काम करून टाकलं होतं.

हादरा

पहिल्या वर्षी प्रत्येकाला एक हादरा बसतो. माझा उत्पत्तीच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, पहिल्या दोन अध्यायांनी बसला. पहिल्या अध्यायात आधी प्राणी, मग माणूस. दुसऱ्यात आधी माणूस, मग त्याला सोबत हवी म्हणून प्राणी. दोन्ही मी लहानपणापासून वाचले होते, शेजारी ठेवून कधीच वाचले नव्हते. सरांनी फळ्यावर दोन रकाने काढले आणि म्हणाले, आता तुम्हीच भरा. भरता भरता एक मुलगा उठून बाहेर गेला. तो परत आला, पास झाला, आज माझ्यापेक्षा चांगला उपदेश करतो.

नव्या करारातही तसंच. मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या कथेच्या, सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत शेवटच्या बारा ओळी नाहीत. ते येशूच्या कबरीपाशी घाबरून पळालेल्या बायकांवर संपतं. हे कळल्यावर 'मग बाकीचं खोटं का?' हा प्रश्न येणारच. कॉलेजचं म्हणणं असं, की हा प्रश्न मंडळीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मोबाइलवर काहीतरी पाहून विचारण्याआधी तुम्हाला पडलेला बरा. मला हे पटतं. पण हादरा देणाऱ्यांनी नंतर थोडं सोबत बसायला हवं, ते नेहमी होत नाही.

सिद्धांताच्या तासाला वेगळी कसरत. गावात कोणीतरी विचारतंच, "तुमचे देव एक की तीन?" मी संडे स्कूलमध्ये शिकलेलं उत्तर दिलं: पाणी, बर्फ, वाफ, एकच वस्तू तीन रूपांत. मॅडम हसल्या. "हे उत्तर चर्चने तिसऱ्या शतकातच चूक ठरवलं आहे." कारण पाणी एका वेळी एकच काहीतरी असतं. मग येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र, म्हणजे येशू, नदीत, पित्याची वाणी वरून, आणि आत्मा कबुतरासारखा उतरतोय, हे तिन्ही एकदम कसं? या चुकीला मोडॅलिझम म्हणतात. म्हणजे मी बारा वर्षं पोरांना पाखंड शिकवत होतो.

३२५ साली कॉन्स्टंटाइन बादशहाने निकेयाला, आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशपांची परिषद बोलावली ती अशाच वादावर. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणत होता की पुत्र श्रेष्ठ खरा, पण निर्माण केलेला. एक काळ असा होता जेव्हा तो नव्हता. परिषदेने ठरवलं की पुत्र पित्याशी 'होमोऊसिऑस', एकाच तत्त्वाचा. पुढच्या काही दशकांत काहींनी तडजोड सुचवली: 'होमोइऊसिऑस', सारख्या तत्त्वाचा. ग्रीकमध्ये फरक एका इवल्याशा अक्षराचा, आयोटाचा. एका अक्षरावरून एवढं रणकंदन? आपल्याला सोपं करून सांगायचं तर असं: घरात आलेला माणूस मालक स्वतः आहे, की मालकासारखा दिसणारा मुनीम आहे? मुनीम कितीही भला असला तरी त्याने 'तुझं कर्ज माफ' म्हटलं तर ते माफ होत नाही. एवढंच त्या अक्षरात अडकलं होतं.

अरामी बाप

हे सगळं युरोपातून आलेलं, असं वाटून मन उबगतं तेव्हा दलित ईश्वरविज्ञानाचा पेपर येतो. भारतीय ख्रिस्ती विचारवंत फार काळ वेदान्ताशी बोलत राहिले. त्यांत नीळकंठ उर्फ नेहम्या गोऱ्हे यांच्यासारखे मराठी ब्राह्मणही होते. पण मराठी मंडळ्यांमध्ये बसणारी बहुतेक माणसं महार-मांग वस्त्यांमधून आलेली. त्यांना अद्वैताची अडचण नव्हती, पाणवठ्याची होती. १९८१ साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मळ या मराठी प्राध्यापकांनी एका भाषणात हे उघड मांडलं. त्यातून पुढे दलित ईश्वरविज्ञान उभं राहिलं. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात इस्राएली माणूस पहिलं पीक देवापुढे ठेवताना म्हणतो की माझा पूर्वज भटका अरामी होता. निर्मळांनी त्या कबुलीला धरलं: कुठून आलो हे न लपवता देवापुढे उभं राहायचं.

माझ्या वर्गात त्या दिवशी दोन मुलांनी पहिल्यांदा आपल्या आजोबांचं काम काय होतं ते मोठ्याने सांगितलं. आणि हे नुसतं पुस्तकी नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. शीख आणि बौद्ध दलितांचा समावेश नंतर झाला, ख्रिस्ती बाहेरच राहिले. पाळकाच्या दारात त्यामुळे बाप्तिस्म्याचा दाखला मागणाराही येतो आणि 'तो दाखला कुठे दिसू देऊ नका' म्हणणाराही येतो.

तारण की गहाण

शिकायचं इंग्रजीत आणि बोलायचं जालन्याच्या किंवा संगमनेरच्या मराठीत, ही आमची खरी परीक्षा. उपदेशाच्या तासाला आळीपाळीने चॅपलमध्ये उभं राहावं लागतं. वीस मिनिटं. समोर वर्गमित्र कागद घेऊन बसलेले असतात आणि नंतर ते कागद तुम्हाला वाचून दाखवतात. माझ्या पहिल्या उपदेशावर एकाने लिहिलं होतं, 'बारा मिनिटांनी पंखा मोजायला लागलो. तीन पाती.'

सुट्टीत गावच्या मंडळीत 'विश्वासाने नीतिमान ठरणे' यावर बोललो. मराठीत नीतिमान म्हणजे सदाचारी. नव्या करारातल्या पत्रांत पौलाने वापरलेला ग्रीक शब्द मात्र कोर्टातला आहे: न्यायाधीशाने निर्दोष ठरवणं. हे मी चांगलं रंगवून सांगितलं. मग आणखी पुढे जाऊन तारणावर गेलो. उपासना संपल्यावर एक म्हातारे भाऊ म्हणाले, "म्हणजे सातबाऱ्यावरचा बोजा उतरला, असं म्हणा की." मी थक्क झालो. तारण म्हणजे ख्रिस्ती मराठीत मुक्ती, आणि सोसायटीच्या मराठीत गहाण. नव्या करारातला त्यासाठीचा एक ग्रीक शब्द खरोखरच मोल भरून गुलामाला सोडवण्याचा आहे. माझ्या तीन पानी टिपणापेक्षा त्यांचं वाक्य मूळ ग्रीकच्या जवळ होतं. नारायण वामन टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांना हे कॉलेजात जाऊन शिकावं लागलं नाही.

आधी बसा

शेवटी हॉस्पिटल. काही आठवडे वॉर्डात जायचं, रुग्णांशी बोलायचं. ही पद्धत अमेरिकेत १९२५ साली अँटन बॉइझन या पाळकाने सुरू केली. तो स्वतः मनोरुग्णालयात राहून आलेला होता. पुस्तकं वाचता तशी जिवंत माणसं वाचायला शिका, असं त्याचं म्हणणं. यात व्हर्बेटिम नावाचा प्रकार असतो. भेट झाली की खोलीवर येऊन, आठवेल तसं पूर्ण संभाषण लिहून काढायचं: ती म्हणाली, मी म्हणालो, ती गप्प बसली, मी खिडकीकडे पाहिलं. मग ते मार्गदर्शकापुढे ठेवायचं.

एका बाईंचा मधुमेहाने पाय काढला होता. मी पलंगाशेजारी उभा राहिलो. माझ्या व्हर्बेटिममध्ये चौथ्याच ओळीवर मी विचारलं होतं, 'प्रार्थना करू का?' मार्गदर्शकांनी पेन्सिलीने तिसऱ्या ओळीवर गोल केला.

"ही इथे म्हणते, घरी बघणारं कोणी नाही. तू लगेच प्रार्थना काढलीस. का?"

"काय बोलावं सुचेना."

"मग ती प्रार्थना कोणासाठी होती?"

दुसऱ्या दिवशी गेलो तर त्या बाईंनीच सांगितलं, "पाळकसाहेब, आधी बसा. स्टूल पलंगाखाली आहे."

कॉलेजात शिकवत नाहीत अशा गोष्टीही पुष्कळ आहेत. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याचं रजिस्टर कसं भरायचं. लग्नाआधी नावं पुकारली आणि कोणी हरकत घेतली तर काय. कब्रस्तानात जागा उरली नाही हे कोणाला कसं सांगायचं. चर्चच्या जमिनीवर शेजाऱ्याने टाकलेली पत्र्याची शेड. गळणारं छप्पर, ज्यासाठी जमलेला निधी आणि प्रत्यक्ष खर्च यांची कधीच गाठ पडत नाही. पगार किती, हे तर मुलीच्या बापाने विचारेपर्यंत आम्हालाही नीट माहीत नसतं.

पदवी झाली की आधी डिकन म्हणून दीक्षा, मग अनुभवी पाळकाच्या हाताखाली काही काळ, मग प्रेस्बिटर, म्हणजे पूर्ण पाळक. बिशप आणि सोबतचे प्रेस्बिटर डोक्यावर हात ठेवतात. ते हात चांगलेच जड असतात, आणि गुडघ्यांखाली फरशी. त्यानंतर बाप्तिस्मा, प्रभुभोजन, लग्न, मर्तिक, सगळं करायची मुभा.

माझ्या पहिल्या मंडळीतलं पहिलं मर्तिक एका तरुण ट्रॅक्टरचालकाचं होतं. कबरीपाशी तेविसावं स्तोत्र वाचलं. पाठलाग करणाऱ्या दयेबद्दल बोलायचं ठरवून गेलो होतो, बोललो नाही. मराठीत आहे तसंच वाचलं, कारण मागे उभी असलेली त्याची आई ते माझ्याबरोबर तोंडपाठ म्हणत होती आणि तिचा शब्द मला चुकवायचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी घरी गेलो. ती ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "उणं पडणार नाही म्हणालात. उणं पडलंच की, साहेब."

अंधाराचे स्वर, मेंढपाळ राजा, निकेया, सगळं डोक्यात होतं. मी तिच्यासमोर खाली बसलो. तिने सूप थोडं माझ्याकडे सरकवलं. बराच वेळ आम्ही दोघं खडे वेचत होतो.